आडवा कापलेला ताव

मी पट्टी बोलतेय. कंपासपेटीतली प्लास्टिकची नव्हे, पोलादाची, चांगली एक मीटर लांबीची. आडवळणाने बोलणं माझ्या स्वभावात नाही. ऐकताना कुणाला टोचलं तर माझा इलाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, कडा घासल्या, आकडे कोरले. मग एका कामगाराने एक डोळा मिटून मला उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "सरळ आहे." आयुष्यात मला मिळालेलं प्रमाणपत्र तेवढंच. ते मी कुठे टांगलं नाही.

तिथून मी एका कॉलेजात गेले. मुलं माझ्या आधाराने कागदावर यंत्रं काढायची. अशी यंत्रं, जी कधी कुठे फिरणार नव्हती. एक दिवस शेजारच्या वर्गातले सर आले. त्यांना भिंतीवरचा तक्ता दाखवायला काहीतरी लांब हवं होतं. "तासाभरात परत देतो," म्हणाले आणि अठ्ठावीस वर्षं परत द्यायला विसरले.

सर उद्योजकता शिकवायचे. तक्त्यावर उद्योजकाचे दहा गुण लिहिलेले असत. सर माझं टोक पहिल्या गुणावर टेकवत आणि म्हणत, "जोखीम! उद्योजक म्हणजे जोखमीशी लग्न लावलेला माणूस!" हे म्हणणारा माणूस खिशात चार पेनं ठेवायचा, न जाणो तीन संपली तर. बस दहाची असली तर नऊलाच थांब्यावर उभा. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा आणि कोपऱ्यावरून परत यायचा, चौथ्यांदा ओढायला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी साधी टाचणीसुद्धा कुणाला विकली नव्हती. परीक्षेत मात्र ठरलेला प्रश्न यायचा, उद्योजकाचे दहा गुण सांगा. ज्याने ते सुवाच्य अक्षरात, खाली रेघा मारून लिहिले तो पहिला यायचा, आणि पहिला आलेला तडक नोकरी शोधायला जायचा.

वर्षातून एकदा मोठा पाहुणा बोलवत. तो माइक हातात घेऊन सांगायचा, "मी ह्याच कॉलेजात दोनदा नापास झालो होतो. शिक्षणाचं काही खरं नसतं, मुलांनो!" टाळ्यांनी छप्पर उडायचं. वडिलांची तीन दुकानं आयती मिळाली होती, एवढी बारीक गोष्ट तेवढी राहून जायची. सर पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायचे. आपल्याच पोटावर पाय आणणाऱ्याला टाळ्या देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सर निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि पिशवीतून मीही निघाले. आता घरी बसून काय करायचं? तर म्हणाले, "आक्काचा कारखाना सुधारू."

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. वडील गेले तेव्हा ती सहावीत होती. शाळा सुटली ती सुटलीच. आधी दुसऱ्याकडे आणि मग स्वतःच्या शेडमध्ये तिने पुठ्ठ्याची खोकी बनवली, त्याच खोक्यांवर भावाला दोन पदव्या घ्यायला लावल्या. आता तिच्याकडे चार बायका कामाला होत्या आणि एकच मोठं गिऱ्हाईक होतं, काचेच्या बरण्या बनवणारा बरणीवाला. त्याचं काम होतं म्हणून शेड होती. ते गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं आणि पाच घरांच्या चुली गार पडल्या असत्या. हे तिथल्या मांजरालाही माहीत होतं.

मला पाहून आक्का म्हणाली, "ही चांगली आहे रे. अठ्ठावीस वर्षांत हिने काय काय मापलं?"

"मापलं नाही. हिने मी तक्ता दाखवायचो."

"अगं बाई! बिचारी."

मला त्या दिवसापासून ती बाई आवडली.

तिथे मी पहिल्यांदा काम केलं. पन्हळी पुठ्ठा तुम्ही पाहिला असेल. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटवलेला असतो, आणि त्यामुळे आत एका ओळीत बारीक नळ्या तयार होतात, त्यांना पन्हळी म्हणतात. असा मोठा ताव टेबलावर पसरायचा, मला ठेवून रेघा मारायच्या, कापायचं, घड्या पाडायच्या, पिना ठोकायच्या. आक्का ताव पसरण्याआधी त्याच्या कडेवर अंगठा फिरवायची आणि मग कधी तो तसाच ठेवायची, कधी फिरवून घ्यायची. एका तावात दोन खोकी बसायची, आणि कडेला हातभर पट्टा वाया जायचा.

तो पट्टा सरांच्या डोळ्यात सलायला लागला.

"आक्का, ताव असाच का ठेवायचा?"

"असाच ठेवतात."

"पण का?"

"मी करते तसं कर की. उगाच डोकं नको खाऊ."

अशात आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे धुळीत पाऊल टाकायचं नाही. शेड सरांच्या हाती आली. सरांनी पहिल्या दिवशी काय करावं? कागद घेतला, माझी मदत घेतली, आणि तावाचं चित्र काढलं. मग खोक्याचं माप त्यात आडवं मांडून पाहिलं. दोनच्या जागी तीन खोकी! वाया जाणारा पट्टा बोटभर! सरांनी चष्मा काढून पुसला. गणित अगदी बरोबर होतं. मीच मोजलं होतं, मी कशी चुकेन?

पिना मारणारी काकू त्या चौघींत सगळ्यात जुनी. ती म्हणाली, "सर, आक्का ताव असा नाही ठेवत हो."

"कसा ठेवतात?"

"फिरवून. ही बाजू वर."

"कारण?"

काकूने हातानेच ताव फिरवून दाखवला.

"कारण सांगा ना, काकू. कारण असेल तर मी लगेच बदलतो."

"कारण नाही ठाऊक. ठेवतात."

"ज्या सवयीला कारण सांगता येत नाही, तिला आम्ही रूढी म्हणतो," सर हसून म्हणाले. वर्गात ह्या वाक्याला हशा मिळायचा. काकूने फक्त पिनांचा डबा पुढे ओढला आणि पुटपुटली, "म्हणा बापडे."

तीनशे खोकी बरणीवाल्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीवाल्याचा फोन आला. सर मला घेऊनच धावले.

गोदामात एकावर एक सहा खोकी रचली होती. खालची दोन-दोन फतकल मारून बसली होती, वरची कलंडली होती, आणि फरशीवर काचांचा खच. सरांनी त्या काचांत गुडघा टेकला आणि मला जमिनीला लावून डोळा बारीक केला. फरशी उंचसखल आहे का, ते पाहायचं होतं त्यांना! फरशी सुतासारखी सरळ होती. मी मनात म्हटलं, सर, मला खोटं बोलायला लावू नका.

बरणीवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. "तुम्ही आक्कांचे भाऊ ना? काय शिकवायचात म्हणालात?"

"उद्योजकता."

बरणीवाल्याने फुटक्या बरण्यांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं." शिवी घातली असती तर सरांना सोपं गेलं असतं. मग तो म्हणाला, "शनिवारी शेवटची संधी. माल नीट हवा, आणि हे पुन्हा होणार नाही हे मला पटवून द्यायचं. नाही पटलं तर दुसरा बघतो."

सर घरी आले आणि खुलासा लिहायला बसले. तीन पानं. हवेतला दमटपणा, पुठ्ठ्याचा घसरलेला दर्जा, साठवणुकीतल्या त्रुटी. मग ते घेऊन आक्काकडे गेले. तिच्या डोळ्यावर पट्टी होती.

"वाच. मला कुठं दिसतंय."

सर वाचू लागले. दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज बारीक झाला. तिसऱ्यावर ते थांबले.

"ताव आडवा कापलास ना?" आक्का म्हणाली.

"हो."

"मग एवढं लांबण कशाला लावलंयस?"

"तुला माहीत होतं? आडवा कापला की खोकं बसतं, हे?"

"माहीत नसायला काय झालं! माझी पहिली शंभर खोकी अशीच बसली होती. त्या मालकाने माझ्या डोक्यावर पालथी घातली. कुणाला सांगितलं नाही आजवर."

"मग मला तरी सांगायचंस ना, आक्का! मी विचारलं होतं!"

आक्काने डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "तू एवढा शिकलेला. मला वाटलं, तुला ठाऊक असणारच. उगाच माझी परीक्षा घेतोयस."

आता मी कुणाला हसू? ह्याने पन्नास पुस्तकं वाचली आणि कडेवर अंगठा फिरवला नाही. हिने पन्नास वर्षं अंगठा फिरवला आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला गप्प बसवलं. एकाला पदवीचा ताठा, दुसरीला पदवी नसल्याची लाज, आणि दोन्हींच्या मध्ये त्या तीनशे खोक्यांचा चेंदामेंदा झाला. माणसांच्या ह्या जातीला मी मोजू शकत नाही. माझे आकडे शंभरावर संपतात.

शनिवारपर्यंत सरांनी स्वतः ताव कापले. बोटं चिरली, काकूच्या शिव्या खाल्ल्या. "सर, घडी पाडताय की इस्त्री करताय?" असं ती विचारायची आणि सर मुकाट्याने पुन्हा घडी पाडायचे.

शनिवारी बरणीवाला आला. सरांनी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतले. एकात नळ्या उभ्या, एकात आडव्या. दोन्हींच्या गुंडाळ्या करून टेबलावर उभ्या केल्या आणि मला दोन्ही हातांत आडवं धरून आधी एकीवर दाबलं, मग दुसरीवर. आडव्या नळ्यांची चेपली. उभ्यांची हलली नाही. "नळ्या म्हणजे खांब आहेत," सर म्हणाले. "खांब उभे असले तर छत तोलतात. आक्का कडेवर अंगठा फिरवून त्यांची दिशा बघते. मी न बघताच खांब आडवे घातले. चूक माझी, बायकांची नाही. ह्या काकूंनी मला सांगितलं होतं."

संपलं. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी पंचेचाळीस मिनिटांचे तास ऐकले होते.

बरणीवाला म्हणाला, "पुठ्ठ्याची गुंडाळी ठीक आहे. खोक्याचं काय?"

काकूने खोकं मांडलं, वर फळी ठेवली. चारही बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सरांनी चपला काढल्या, काकूच्या खांद्याला धरलं आणि चढले. खोकं जरासुद्धा चेपलं नाही. त्यांनी खांदा सोडला आणि उभे राहिले.

"उतरा आता, पडाल," बरणीवाला म्हणाला. मग त्याने अर्धं काम ठेवलं आणि अर्धं काढून घेतलं. "पूर्ण विश्वास बसायला वेळ लागेल," म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. चौघींपैकी एकीला त्या महिन्यात दुसरीकडे काम शोधावं लागलं. ती जाताना सर दारापर्यंत गेले.

आता मी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते. वापरून वापरून माझे पहिले काही आकडे पुसले गेलेत. बायका मला दहापासून लावतात आणि शेवटी दहा वजा करतात. नवी कुणी आली की हे आधी समजावून सांगावं लागतं, आणि हल्ली सांगतात.

शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मला तक्त्यावर टेकवण्याआधी एकदा तावावर टेकवा. आणि ज्यांचा हात तावावर बसलाय त्यांनी, कुणी "का?" विचारलं तर खेकसू नये. विचारणारा शहाणा असो की माझ्या सरांसारखा शिकलेला.

परवाचीच गोष्ट. आक्काचा डोळा आता बरा आहे. एक खोकं हातात घेऊन ती म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तर सांग. ह्या घडीवर वरचा कागद मधूनच का तडकतो? सगळ्या तावांना नाही होत. पन्नास वर्षं बघतेय."

सरांनी घडीवर अंगठा फिरवला. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मला माहीत नाही, आक्का."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मलाही नाही," आक्का म्हणाली, आणि तिने मला खिळ्यावरून काढलं. "चल, चार ताव कापून बघू."