ताईचं यंत्र छोट्याच्या घरी

कपड्यांच्या कपाटातले खालचे दोन कप्पे छोट्याने सर्व्हरला देऊन टाकले होते. आत उकडतं म्हणून कपाटाचं दारही काढून भिंतीला टेकवलं होतं. शर्टांचं काय, ते खुर्चीच्या पाठीवरही राहतात. बायको असती तर तिने हे थेर एक दिवसही चालवून घेतले नसते. पण ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तेव्हा कपाटावर हक्क सांगायला घरात दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

छोट्या म्हणजे कुणी पोरगं समजाल तर फसाल. साठी उलटलेला, गुडघे गेलेला, टक्कल पडलेला चांगला बाप्या माणूस. त्याला छोट्या म्हणणारं जगात आता एकच माणूस शिल्लक होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण, ताई.

जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टवाल्याचं नशीबच मोठं गमतीचं असतं. लिफ्ट सुरळीत चालते तोवर तो कुणाच्या खिजगणतीत नसतो, आणि अडली की अख्खी इमारत त्याच्या नावाने गळा काढते. तो आला की खुर्ची काय, चहा काय, 'देवासारखे धावून आलात' काय. दुरुस्ती झाली की पुन्हा कोण तू आणि कोण मी. छोट्याला याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण रोज कुठली ना कुठली लिफ्ट अडायचीच. निवृत्त झाला आणि फोन एकदम गप्प झाला. फोनच बिघडला की काय म्हणून एकदा तो दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काका, ठणठणीत आहे." हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. छोट्याला नाही वाटलं.

रिकामपणी त्याने कंपनीने मोडीत काढलेला एक दणकट संगणक घरी आणला आणि चुकतमाकत त्याचा सर्व्हर केला, म्हणजे रात्रंदिवस चालू राहून दूरच्या संगणकांच्याही उपयोगी पडणारं यंत्र. ताईचं घोडं अडलं ते त्याच सुमारास. ताई राहायची दूरच्या गावी, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. नवरा गेल्यापासून ती संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनवर शाळांची बोधचिन्हं, गणवेशांवरची नावं असलं काम करायची. मशीनला टाके सांगणारा तिचा प्रोग्रॅम होता जुनापुराणा. बनवणाऱ्यांनी दुकान कधीच बंद केलं होतं. जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता आणि नवा संगणक त्या प्रोग्रॅमला दारातही उभा करीत नव्हता. "आता या वयात नवं शिकू कुठलं?" असं म्हणून ताई रडकुंडीला आली होती.

छोट्याने तिच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क मागवून घेतली आणि तो संगणक जसाच्या तसा आपल्या सर्व्हरच्या पोटात वसवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या यंत्राच्या आत दुसरं लटकं यंत्र, पण त्या बिचाऱ्याला आपण लटके आहोत याचा पत्ताच नसतो. ते आपलं समजतं की आपण अजून ताईच्या शिवणाच्या खोलीत, खिडकीखालीच आहोत. ताई आपल्या घरी नवा संगणक उघडायची, त्यात इंटरनेटवरून एक खिडकी उघडायची आणि तिचा जुना पडदा समोर हजर. टाके मांडायचे, फाइल उतरवून घ्यायची, मशीनला द्यायची. पहिल्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "छोट्या, तू तर मेलेलं उठवलंस रे." त्या एका वाक्यावर छोट्याने आठवडा काढला.

पुढे सगळं उत्तम चाललं, म्हणजे फोन पुन्हा बंद.

मग एके दिवशी ते अडलं. यात खरोखर कुणाचा दोष नव्हता. ताईचं काम चुकून पुसलं जाऊ नये म्हणून छोट्याने यंत्राच्या वेळोवेळी आपोआप जशाच्या तशा नकला काढून ठेवायची सोय केली होती. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. त्या नकला साठत गेल्या, डिस्क काठोकाठ भरली आणि लिहायला जागा नाही म्हटल्यावर ताईचं यंत्र एका फुलाच्या अर्ध्या पाकळीवर थिजलं.

"छोट्या, तुझं यंत्र रुसलं बघ," ताईचा फोन आला.

जुने स्नॅपशॉट काढून टाकायला वेळ लागत होता, तोवर ताई फोनवरच थांबली. आणि थांबली म्हणून बोलली. तिचे गुडघे, त्याचे गुडघे, वडील दाढी करताना गायचे ते बेसूर गाणं, लहानपणी छोट्या टाकीत पडला होता आणि तिने त्याला केसांना धरून वर काढलं होतं तो किस्सा. "तेव्हा होते तरी धरायला," असं म्हणून ती खळखळून हसली. फोन ठेवल्यावर छोट्याच्या लक्षात आलं की आपला घसा दुखतोय. इतकं बोलायची सवयच राहिली नव्हती.

त्याच आठवड्यात त्याने एक भलीमोठी डिस्क मागवली. ती बसवली की स्टोरेजची कटकट वर्षानुवर्षं मिटणार होती. डिस्क आली. रविवारी बसवू म्हणून त्याने खोकं माळ्यावर टाकलं. रविवारी पाठ दुखत होती. पुढच्या रविवारी पाठ दुखत नव्हती, पण त्याने खोकं काढलं नाही.

आता सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण सांगतो. सर्व्हरच्या पडद्यावर एक आडवी पट्टी असते, डिस्क किती भरली ते दाखवणारी. छोट्या रोज ती पट्टी बघायचा, जसं कुणी पाहुण्याच्या वाटेकडे बघतं. ती टोकाला आली की तो दाढी करायचा, घर झाडायचा, ताईला सांगायच्या गोष्टी मनात जमवून ठेवायचा. वरच्या मजल्यावरच्यांनी नवा कुत्रा आणलाय, भाजीत मीठ दोनदा पडलं, असलंच काहीबाही. मग यंत्र अडायचं, फोन यायचा आणि छोट्या जमेल तितका वेळ लावून दुरुस्ती करायचा. मी काही बिघडवत नाही, असं तो स्वतःला बजावायचा. फक्त दुरुस्त करत नाही. लिफ्टवाल्याला या दोहोंतला फरक चांगला कळतो. कुणी लिफ्टची तार झिजलेली पाहून तशीच सोडली तर नोकरीत असताना छोट्यानेच त्याची सालटी काढली असती.

असं किती वेळा झालं, ते त्याने मोजलं नाही. गेल्या खेपेला ताई म्हणाली होती, "एका मोठ्या दवाखान्याचं काम येतंय रे. सगळ्यांच्या कोटांवर त्यांचं चिन्ह. नमुना पसंत पडला तर कायमचं काम. मग कुणापुढे हात पसरायला नको." छोट्याने ऐकलं, छान छान म्हणाला आणि पुन्हा कुत्र्याच्या गोष्टीवर आला.

त्या दिवशी यंत्र सकाळीच अडलं. छोट्या दाढी करून बसला होता. चहा झाला. फोन आला नाही. ताई बाजारात गेली असेल, तो मनाशी म्हणाला. जेवणाची वेळ झाली. एक कळ दाबली की जागा मोकळी होणार होती आणि यंत्र चालू. पण चालू झालं की फोन कशाला येईल? आणखी थोडा वेळ थांबू, असं म्हणत म्हणत दुपार कलली. ताई आजारी तर नाही ना? शेवटी त्याने जागा मोकळी केली. यंत्र जागं झालं. पडद्यावर एका चिन्हाचा अर्धा भाग टाक्यांनी भरलेला होता, उरलेला नुसताच कोरा. पुढचा टाका घालायला कुणी आलं नाही.

उन्हं उतरायच्या सुमाराला त्याने स्वतःच फोन लावला.

"ताई, यंत्र चालू झालं बघ," तो म्हणाला. "सकाळी अडलं होतं वाटतं."

"हो," ताई म्हणाली. "असू दे आता."

"असू दे म्हणजे? दवाखान्याचं काय?"

"ती माणसं दुपारी येऊन गेली. नमुना नव्हता तयार. काम दुसऱ्याला दिलं त्यांनी." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. छोट्या पलंगावर बसला.

"मग मला फोन का नाही केलास? मी इथे फोन हातात घेऊन बसलो होतो."

"सकाळपासून चार वेळा उचलला आणि ठेवला. जीवावर यायचं रे. दर वेळी तुझा तास तास खायचा, तू आपला निमूट दुरुस्त करत बसायचास. माणसाने किती म्हणून पिडावं? लेक म्हणाली, मामाला कशाला छळतेस, मी नवा प्रोग्रॅम आणून देते, शिकवते. ती तो प्रोग्रॅम घेऊन येतेय उद्या. माझं ते तिथलं सगळं पुसून टाक तू. तुझी जागा तरी मोकळी होईल."

छोट्याने माळ्यावरच्या खोक्याकडे पाहिलं.

"एरवीही खूपदा मनात यायचं, सहज फोन करावा," ताई पुढे म्हणाली. "एकटी असते ना मी पण. संध्याकाळी मशीन बंद केलं की घर खायला उठतं. पण वाटायचं, परवाच तर तासभर घेतला याचा, आता पुन्हा बिनकामाचा कशाला."

छोट्याला वाटलं, हे ऐकण्याआधी कान फुटले असते तर बरं. तरी तो बोलला, कारण आता न बोलणं म्हणजे आणखी एकदा तार तशीच सोडणं झालं असतं.

"ताई, ते आपोआप अडत नव्हतं. म्हणजे अडायचं आपोआप, पण मला थांबवता येत होतं. नवी डिस्क आणून ठेवलीय मी, कधीची. बसवली नाही. तुझा फोन यावा म्हणून."



"आज मी रडले इथे बसून," ताई म्हणाली. "त्या माणसांसमोर रडले छोट्या. चहाचा कप हातात होता आणि रडले. आणि तू फोन हातात घेऊन बसला होतास?"

"हो," छोट्या म्हणाला. तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला फोन केला, तिने उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो रोज करत राहिला. पूर्वी जो वेळ तो पट्टी बघण्यात घालवायचा, तो आता वाजत राहणारी घंटा ऐकण्यात घालवू लागला. ताईचं यंत्र काही त्याच्याच्याने पुसवलं नाही. ते आपलं कपाटात चालूच होतं, ती येईल म्हणून अर्धं चिन्ह समोर मांडून.

मग एका दुपारी तिने फोन उचलला. "काय काम आहे?" आवाज अजून कोरडाच होता.

"काम काही नाही," छोट्या म्हणाला.

"मग?"

"सहज केला."

ताईने उसासा टाकलेला त्याला ऐकू आला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि ती बसली. "बरं," ती म्हणाली. "बोल."

आणि छोट्याला काही सुचेना. आजवर दुसऱ्याचं काहीतरी अडलेलं असताना, हात चालू असतानाच तो बोलत आला होता. रिकाम्या हातांनी बहिणीशी काय बोलतात, हे त्याला या वयात ठाऊक नव्हतं. पलीकडे ताईने मात्र अजून फोन ठेवला नव्हता.