तिसरी पायरी

माझ्या सासूबाई, मंगलाबाई, तापीचा पूर पायऱ्यांवर मोजत. सुरतेत आमच्या वस्तीच्या ओवाऱ्याला, म्हणजे नदीवरच्या घाटाला, सात पायऱ्या होत्या. पाणी वरून तिसरीला लागलं की त्या खण-नारळ घेऊन उतरत, नदीची ओटी भरत, आणि संध्याकाळपर्यंत पाणी ओसरे. चौऱ्याण्णवलाही ओसरलं. मग काय, सासूबाईंचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम!

पण अठ्ठ्याण्णवपर्यंत समोरच्या काठी पूर अडवायला उंच दगडी पाळा, म्हणजे बांध, उभा राहिला होता. पूर्वी पूर तिकडच्या शेतांत पसरायचा. आता ती वाट बंद, म्हणून सगळा लोंढा आमच्या मातीच्या काठावर आदळायचा. श्रावणात धुणं धुताना मी शेवटच्या पायरीखाली हात घातला, तर तो कोपरापर्यंत आत गेला. घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, कामचुकारीला बरं निमित्त सापडलं! मीही रागाने तोंड शिवून बसले. ती माझी चूक.

भाद्रपदातल्या त्या सकाळी नवरा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला गेला होता. धरणातून पाणी सोडलंय, असं ओरडत मगन रिक्षावाला गेला. मी गाठोडं बांधायला घेतलं. वळून बघते तर कोनाड्यातला ओटीचा नारळ नाही.

मी धावले. सासूबाई तिसऱ्या पायरीवर वाकून हळद-कुंकू वाहत होत्या. पायऱ्यांच्या आतून गुडगुड ऐकू येत होती.

"आत्या, वर या! पायऱ्या पोकळ शेतस!"

"गप ऱ्हाय. ओटी भरी दिधी का माय मागे सरकस."

माझ्या पायाखालची पायरी हलत्या दातासारखी डुगडुगली. खरं सांगते, क्षणभर पळून जावंसं वाटलं. मग उतरले, त्यांचा दंड धरला आणि जन्मात कुठल्या सुनेने सासूला ओढलं नसेल असं ओढलं. त्या शिव्या देत होत्या. आम्ही वर पोचलो न पोचलो तोच तिसरी पायरी खचली आणि तिच्यामागे वरच्या दोन्ही. खण, नारळ, सगळं गेलं.

ओटी पोचली, पण पाणी चढतच होतं. मोजायला पायऱ्याच उरल्या नव्हत्या. पुढे आमचाच उंबरा होता, सहा पावलांवर.

चौदा वर्षांत सासूबाईंनी मला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. आता त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"कमल," त्या म्हणाल्या, "आते कथा जावानं?"

कुठे जायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. तरी "चला" म्हटलं, आणि मनगट सोडवून घेतलं नाही.