सिनेमातली बायको

सुजितच्या कंपनीनं प्लांट गुजरातला हलवला, तेव्हापासून तो घरी आहे आणि अडीच वर्षांची आमची स्वरूपा त्याच्याकडे. मी सकाळी चाकणची बस पकडते, चिखलीत परत येते तेव्हा अंधार पडलेला असतो. सोसायटीत सुजितचं कौतुक संपत नाही. घर सांभाळणाऱ्या नवऱ्याचा सिनेमा लागलाय, जोडीनं बघून या, हेही खालच्या कुसुमताईंनीच सांगितलं. वर म्हणाल्या, "नशीब काढलंस पोरी. आमचं मालक पोर रडलं की कूस बदलायचं."

रविवारी गेलो. स्वरूपाला मी मुद्दाम माझ्या मांडीवर घेतलं.

पडद्यावरचा नवरा डबा भरत होता, मुलीच्या दोन शेंड्या बांधत होता. पहिली वाकडी झाली तर थिएटर हसलं, दुसरी जमली तर टाळ्या पडल्या. शेंड्या मीही बांधते, बस चुकायची वेळ आलेली असताना. तेव्हा सासूबाई फोनवर विचारतात, पोरीला खाऊ घालून निघतेस ना? सिनेमातली बायको सदा लॅपटॉपसमोर, तिला मुलीच्या डॉक्टरांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मला स्वरूपाच्या लसींच्या तारखा पाठ आहेत. मी शेजारी पाहिलं. सुजितचे डोळे भरून आले होते. त्याच्यावर कुणीतरी अख्खा सिनेमा काढला होता, आणि मी त्यात लॅपटॉप घेऊन बसलेली.

मग पडद्यावर अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. स्वरूपा दचकली. मी तिला छातीशी धरणार, तोच ती माझ्या पोटाला पाय रेटून बाबाकडे झेपावली. सुजित तिला घेऊन बाहेर गेला. मागच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, शिका जरा."

मी थोडा वेळ बसले. पडद्यावरही मूल बापाच्याच कडेवर होतं. उठले.

बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी तो डुलत उभा होता. ती त्याच्या खांद्यावर झोपली होती, मूठ त्याच्या कॉलरला.

"दे इकडे."

"आत्ता झोपलीय गं. उठेल."

"उठू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग एकेक बोट सोडवून तिला माझ्या हातात दिलं. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि बाबा, बाबा करत टाहो फोडला. सुजितनं हात पुढे केले.

मी दिली नाही.