ताईच्या वाटणीचं

आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की घरचे माझ्याआधी ते वाक्य पूर्ण करतात. त्यामुळे तपासणीत माझ्या लिव्हरमध्ये चरबी निघाली तेव्हा कागदांची अदलाबदल झाली असणार, असं मी डॉक्टरबाईंना सुचवलं. त्यांनी वर लिहिलेलं माझं नाव दाखवलं.

ताईचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. तिला माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचा होता, कारण घरात रक्तगट जुळला तो माझाच. पण चरबीनं भरलेलं चालत नाही. दोन महिन्यांत ती उतरवा, त्यापुढे ताईला थांबता येणार नाही, असं सांगून डॉक्टरबाईंनी खाण्यापिण्याचा तक्ता हातात दिला.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. ग्रॅमचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही, मग तक्ता कशाला वाचायचा? चरबी म्हणजे तेल, एवढं मलाही कळतं. तेल-लोणी बंद केलं. पोटभर भात, कोरडा पाव, उकडलेले बटाटे, आणि अशक्तपणा नको म्हणून रोज तीन ग्लास फळांचा रस. बायको म्हणाली, "अहो, तक्ता बघा तरी." माझ्या तपश्चर्येत विघ्न आणू नकोस, असं मी तिला बजावलं.

महिन्यानं चरबी वाढलेली निघाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. पाव काय, भात काय, रस काय, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते, त्या म्हणाल्या. अंग लागेल तेवढी वापरतं, उरलेल्या साखरेची लिव्हर चरबी करून ठेवतं. म्हणजे चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोराला रोज तीन ग्लास रस पाजत होतो. यात ताईचा एक महिना गेला. मला स्वतःची लाज वाटली.

मग तक्ता दुकानात काट्याच्या वरच चिकटवला. रस, साखर, पाव बंद. अंडी, पालेभाज्या, आणि भात काट्यावर तोलून, मूठभर. आठवड्यात अडीच किलो उतरले. मी येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत सुटलो, तर डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यात बरंचसं पाणीच आहे. तेव्हापासून तोंडही बंद ठेवलं. मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना त्यांनी नवा कागद पाहिला आणि चालेल म्हणाल्या.

मी तडक ताईच्या खाटेशी गेलो आणि वाया घालवलेल्या महिन्याची कबुली दिली. तिनं उलट मलाच विचारलं,

"लहानपणी माझ्या वाटणीची बिस्किटं कोण खायचं?"

"मी."

"मग ते साठलंय ते माझंच आहे."

मी हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तिनं माझा हात धरला.

"आता दे परत. आणि नीट तोलून दे, काटा मारू नकोस."