गळका पिपा आणि पांढरं कापड

मी एक पिपा आहे. पंधरा किलो तेलाचा, पत्र्याचा, आणि आता बुडाला गळका. कोणी म्हणेल, गळक्या पिप्याला काय सांगायचं असणार? आहे सांगायचं. एवढी वर्षं तोंड असून त्यातून नुसतं पाणीच ओतलं, याचीच खंत आहे.

कोणत्या कारखान्यात बनलो ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची हौसही नाही. माझा खरा जन्म आर्वीला, लहानू टीनवाल्याच्या हाताखाली झाला. तेल संपलं की पिप्याला कोणी विचारत नाही. कोणी धान्य भरतो, कोणी कापून छपराला ठोकतो. लहानूनं माझं तोंड कापलं, बाजूनं लांब तोटी बसवली, तोटीच्या टोकाला डबीचं झाकण लावलं आणि त्याला खिळ्यानं भोकं पाडली. वरून धरायला लाकडी दांडा.

"मरेपर्यंत पुरते हा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला.

गिऱ्हाईक म्हणजे अण्णाजी. ते म्हणाले, "कोनाच्या? माह्या का ह्याच्या?"

दोघंही हसले. लहानू कधीच गेला. आम्ही दोघं अजून आहोत.

अण्णाजींचं गाव आर्वीहून येष्टीनं अर्ध्या तासावर. घरामागं वाडी, चार खाटा मावतील एवढी. त्यात वांगी, मिरच्या, भाजीवर टाकायला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि कुंपणाकडे लाल कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल. वाडी अण्णाजींची म्हणायची, पण राबायची आनंदाबाई, त्यांची बायको. मला उचलायची तीच. अण्णाजी शेतात जात आणि घरी आले की खाटेवर बसून साऱ्या गावाला नावं ठेवत. ते काम त्यांना चांगलं जमे. अजूनही जमते.

आनंदाबाईचं पाणी घालणं बघण्यासारखं होतं. पानावर थेंब पडू देत नसे. तोटी खाली, मुळाशी. सून मंजुषा नवी आली तेव्हा तिला सांगायची, "पानाले तहान नसते पोरी, मुळाले असते." थंडीत लहान रोपांवर तुराट्यांचा मांडव करून वरून जुनं लुगडं टाकायची. पण दिवस निघाला की पहिलं काम लुगडं काढायचं. "सूर्य दारात आल्यावर कोनी पांघरून घेऊन निजते काय?" असं म्हणायची. हे मी रोज ऐकलं. खाटेवरून ऐकणाऱ्यानं ध्यानात ठेवायला पाहिजे होतं. ते मी नव्हे, मला काय करता येणार होतं.

कोहळ्याचं बी तिनं गिरडकडच्या माहेरून आणलं होतं. आत पिवळं धम्मक, बोंडं तळायला साखर टाकायची गरज नाही असं गोड. दरवर्षी एक फळ बियांसाठी ठेवायची. बिया शेणात घोळून स्वयंपाकघरामागच्या भिंतीला थापायची. कोणी मागितल्या तर भिंतीवरून खरवडून द्यायची. आणि एक नेम पाळायची. कोवळ्या कोहळ्याला कधी बोट दाखवायची नाही. बोट दाखवलं की फळ सडते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. ती कोपरानं दाखवायची. "ते पाय, तिकडे." अण्णाजी हसायचे, पण तेही कोपरच पुढं करायचे.

आनंदाबाई गेली त्याला तीन वर्षं झाली. वाडीत गवत माजलं. मी कुंपणाजवळ पालथा पडलो. पालथ्या पिप्यावर पाऊस पडला की बूड सडते, हे कोणाला सांगायला नको. माझं सडलं.

मग गेल्या दिवाळीआधी मुलानं, कैलासनं, मागची भिंत सिमेंटनं लिंपायला काढली. तो सकाळी कामावर वर्ध्याला जातो तो दिवेलागणीला येतो, त्याला काय ठाऊक भिंतीत काय आहे. मंजुषा गवंड्याच्या आधी उठली आणि चमच्यानं शेणाच्या खपल्या काढत बसली. बऱ्याच बिया पोकळ निघाल्या. नऊ चांगल्या मिळाल्या. त्या तिनं अण्णाजींच्या हातावर ठेवल्या.

"मामाजी, आत्याबाईचे बीज आहे. दुसऱ्या कोनाच्याच घरी राह्यलं नाई, मी इचारून आली."

त्या नऊ बियांपलीकडे ते कोहळं आता जगात कुठं नव्हतं. अण्णाजींनी त्या एकेक करून मोजल्या. दुसऱ्या दिवशी वाडीतलं गवत कापायला बसले.

संक्रांत झाली तशी ते मला घेऊन आर्वीला निघाले. बुडाला झाळ लावून घ्यायची होती. येष्टीत मला मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, खाली ठेवा ना त्याले." अण्णाजी म्हणाले, "तुले का टोचून राह्यला?" मला बरं वाटलं. पण लहानूच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं, आणि झाळ लावणारा दुसरा कोणी सापडला नाही. तेव्हा ते मला हातात धरून प्रफुलच्या कृषी केंद्रात शिरले.

प्रफुलनं तीन तऱ्हेची झाकणं काढली. हिरवी जाळी, प्लास्टिक, आणि पांढरं पातळ कापड. अण्णाजींनी कापड गालाला घासलं, मग डोक्यावरून घेऊन दुकानात उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं बघायला लागली.

"हे काय करून राह्यले अण्णाजी?" प्रफुल म्हणाला.

"आंधारते का ते पाहून राह्यलो. आत मले ऱ्हायाचं नाई, रोपाले ऱ्हायाचं आहे."

"हिरवी नेट भर उन्हाळ्यात बरी, आत्ता रोपाले ऊन पाह्यजे. प्लास्टिकमंदी उकडून मरन. हे पांढरं न्या. ऊन जाते, पानी जाते, लाल भुंगा जात नाई. पन फूल आलं का काढून टाकजा."

"फूल आल्यावर काय कराचं ते आता तू शिकवशीन मले?"

"शिकवत नाई, सांगून राह्यलो. आन पान्यासाठी ठिबक न्या. ड्रमले नळी जोडा, मोटर लावून ड्रम भरा, तुमी खाटेवर बसा."

"खाटेवर तर बसलोच आहो तीन साल. आन ह्याचं काय?" त्यांनी मला वर केलं.

प्रफुलनं मला उजेडात धरून बुडातून बाहेर पाहिलं. "हा भंगारात टाका."

मी वाट पाहिली. सरपंचाला, कंडक्टरला, देवाच्या पुजाऱ्यालाही आडवं बोलणारा हा माणूस माझ्यासाठी एक शब्द बोलेल असं वाटलं. बोलले नाहीत. भंगारातही टाकलं नाही म्हणा. परत आणलं, कारण परत आणायला तिकीट लागत नव्हतं.

नऊपैकी सहा बिया उगवल्या. मुळाशी ठिबकची नळी फिरवली आणि बांबूच्या कमच्या वाकवून वरून पांढरं कापड टाकलं. ते उडू नये म्हणून काठावर दगड ठेवले, आणि एका कोपऱ्यावर मला ठेवलं, पोटात दगड भरून. ज्या तोंडातून आनंदाबाईनं पाणी घातलं त्यात दगड. मनात आलं, हे कापड फाटो, ती नळी चोंदो. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. पण कापड कामाचं निघालं. लाल भुंगे वरून फिरून परत जात. वेल असे फोफावले की आनंदाबाई असती तर कोपर दाखवून दाखवून दुखलं असतं.

फुलं आली. अण्णाजींनी प्रफुलचं नाव न घेता कापड काढलं. चार-पाच दिवसांत एका फुलाच्या मागं अंगठ्याएवढं कोहळं दिसलं. मंजुषा धुणं वाळत घालायला आली होती. तिला इतका आनंद झाला की ती सगळं विसरली.

"मामाजी, हे पाहा, लागलं." आणि सरळ बोट दाखवलं.

"बोट वाकव," अण्णाजी ओरडले. तिनं वाकवलं, पण दाखवून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ते कोहळं पिवळं पडलं आणि गळलं. मी तिथंच होतो. ते फूल उमललं त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, एकही मधमाशी वाडीत आली नव्हती. माशी न शिवलेल्या फुलाचं फळ टिकत नाही. एवढीच गोष्ट. बोटाचा काही संबंध नव्हता. पण हे सांगणार कोण?

त्याच संध्याकाळी गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या शकुंतलाबाई कुंपणाशी कढीपत्ता मागायला आल्या. त्यांच्या दुकानात मीठ घ्यायला गेलेला माणूस बातमीही घेऊन येतो. अण्णाजी त्यांना म्हणाले, "सुनेच्या बोटानं गेलं. सासूचं होतं ना, कसं चालन तिले." दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं.

आणि अण्णाजींनी कापड पुन्हा टाकलं. आता भुंग्यासाठी नव्हे, नजरेसाठी. मला उचललं आणि पुन्हा कोपऱ्यावर बसवलं. मंजुषा धुण्याची बादली घेऊन उभी होती.

"मामाजी, फुलं नका झाकू. माशी कशी जाईन आत?"

"माशीचं मी पाहीन. तुह्या डोळ्याले जागा राहू नये म्हनून झाकून राह्यलो."

तिनं बादली तिथंच ठेवली आणि आत गेली. ज्या बाईनं चमच्यानं भिंत खरवडून ते बी वाचवलं, ती त्यानंतर महिनाभर वाडीत आली नाही. धुणं पुढच्या अंगणात वाळू लागलं.

मी काय केलं? मी बसलो. सकाळी माशा येत, पांढऱ्या कापडावर पायी पायी चालत, कुठं वाट मिळते का बघत, आणि निघून जात. आत फुलं उमलत, दहा वाजेपर्यंत मिटत, आणि त्यांच्यामागची कोवळी कोहळी एकेक करून पिवळी पडत. माझ्या कोपऱ्याला कापड अगदी घट्ट दाबलेलं होतं. दगड हलले असतील, मी नाही हललो. एवढं इमानदारीचं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही, आणि त्याचीच लाज वाटते.

अण्णाजी रोज कापडाचा काठ उचलून बघत आणि म्हणत, "कोनाची नजर आहे कोन जाने." पुन्हा काठ दाबत.

एप्रिलात एका दुपारी वावधन सुटलं. दगडासकट मी उलथलो. कापड उडालं ते पलीकडच्या बाभळीवर जाऊन अडकलं. कमच्या मोडल्या. सहातले दोन वेल राहिले, तेही अर्धे. विजेचे खांब पडले, गावात तीन दिवस लाईन नव्हती. मोटर बंद, ड्रम कोरडा, ठिबक मेलं.

तेव्हा अण्णाजींनी मला सरळ केलं, हापशीवर नेऊन भरलं. हापशीपासून वाडीपर्यंत मी सांडत आलो. वेलाजवळ पोचलो तोवर अर्धा झालो होतो. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या, मुळाशी आदळलं आणि धापा टाकत बाजूला बसले. माझ्या बुडातून थेंब पडत राहिला. एक, मग एक, मग एक. अगदी मुळाशी. ते बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माशा आल्या. दार उघडायची वाट बघत असल्यासारख्या. एक माशी एका फुलात शिरली, पिवळी होऊन बाहेर आली आणि मागं कोहळं असलेल्या फुलात गेली. अण्णाजी फूल मिटेपर्यंत जागचे हलले नाहीत. चहा निवून गेला.

"आनंदा रोज सकाळी लुगडं काढे," ते म्हणाले. तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

ते कोहळं तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं नाही. आठव्या दिवशी मुठीएवढं झालं. मग अण्णाजींनी शकुंतलाबाईंना दुकानातून बोलावून आणलं आणि मंजुषाला हाक मारली. ती मागच्या दारात उभी राहिली, खाली उतरली नाही.

अण्णाजींनी बोट सरळ केलं आणि कोहळ्याकडे दाखवलं.

"हे पाहा. मी दाखवून राह्यलो. सडलं तर माह्या बोटानं सडलं म्हनजा. आन पयलं हिच्या बोटानं नाई गेलं. माशी आली नव्हती म्हनून गेलं. बाकीचे मी झाकून मारले."

"मंग मले काऊन बोलावलं?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "घरातच सांगाचं होतं ना."

"वाईट सांगतलं तवा तुमी घरोघरी नेलं. आता हेबी न्या."

त्या पदर सावरत गेल्या. नेलं की नाही, मला माहीत नाही. चांगली गोष्ट उचलायला लोकांना जड जाते.

मंजुषा पायरी उतरून आली, वाकून माझ्यात पाहिलं आणि म्हणाली, "पिपा भरा मामाजी. खाली झाला."

आणि आत गेली. अजून ती पहिल्यासारखी बोलत नाही. धुणं पुढंच वाळते.

लाईन आली, पण ठिबकची भोकं गाळानं बुजलीत. मी मुळाशीच आहे. अण्णाजी सकाळ-संध्याकाळ भरतात, मी दिवसभर गळतो. कोहळं आता नारळाएवढं आहे. वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मे अजून जायचा आहे. बी धरेपर्यंत वेल टिकेल का, सांगता येत नाही. चार वेल गेले. आनंदाबाई गेली. एक मन तुटलं, ते कोणत्या झाळेनं जोडतात मला ठाऊक नाही.

कुठं झाळ लावणारा भेटलाच तर मला त्याच्याकडे नेऊ नका. गळतो आहे तोवरच कामाचा आहे.

आणि एक सांगतो. रोपं झाका, थंडीत झाका, भुंग्यापासून झाका. पण फुलं आली की कापड काढा. त्यावर कोणी पिपा ठेवला असेल तर तो उचला. त्याला आपणहून उठता येत नाही.