धक्क्यावरची पिंड

मागच्या पावसाळ्यात माझी सरोजिनी बाळंतपणासाठी माहेरी आली ती गोदावरी ओलांडून, नावेनं. नाव धक्क्याला लागली, तिनं पाय टाकला, आणि पायाखालचा दगड तिच्यासकट आत गेला. पोर वाचली. पोटातलं गेलं.

धक्का म्हणजे नदीत भिंत घालून मागे वाळू भरलेली जागा. त्या कोरड्या वाळूवरच फरशी बसवली होती. यंदा माधवराव ओव्हरसियर आले, त्यांनी सगळी फरशी उपटली. म्हणाले, "काकू, वाळू भिजवल्याशिवाय बसत नाही. भिजवायची, धुम्मसानं ठोकायची, खाली गेली की वर भर घालायची, पुन्हा भिजवायची." पण लढाईमुळे पाणी खेचायच्या इंजिनाला तेल मिळेना. वैशाखात नदीची धार पलीकडच्या काठाला गेलेली. जवळ पाणी ते देवळाच्या घाटाखालच्या डोहात.

सरोजिनीला पुन्हा दिवस गेले होते. श्रावणात ती याच धक्क्यावर उतरणार होती.

कामावर दीना आणि तिच्या आळीतल्या ख्रिस्ती बायका होत्या. देवळाचा कारभार माझे दीर यज्ञेश्वरभाऊजी बघत. ते म्हणाले, डोहाला या बायकांचा हात लागायचा नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन घाटावर बसून राहिल्या.

मला मोठ्यानं बोलता येत नाही. पहाटे स्नान करून महादेवावर घागर घालायची, मगच पाण्याचा घोट घ्यायचा, हा माझा नेम. त्या दिवशी नेम आटोपून मी पुन्हा डोहात उतरले, घागर भरली आणि दीनाच्या डोक्यावर दिली.

"वैनी, इटाळ हुईल तुमाला."

"होऊ दे. तू चाल."

संध्याकाळी भाऊजी ओसरीवर आले. "वहिनी, उद्यापासून देवळाची पायरी चढायची नाही. बघू नेम कसा चालतो."

"बरं," मी म्हणाले.

तहानेनं कोरडी पडले की पाया पडायला येईन, असं त्यांच्या मनात.

दुसऱ्या पहाटे मी भरली घागर घेऊन धक्क्यावर गेले. भरावाच्या मधोमध बसून हरतालिकेला करतो तशी वाळूची पिंड केली, बेल वाहिला, घागर ओतली. पिंड विरघळली, पाणी खाली गेलं, तिथली वाळू बोटभर दबली. मग मी पाणी प्याले.

भाऊजी आलेच. "हे काय आरंभलंय?"

"हरतालिकेला तुमच्याच घरी वाळूची पिंड होते. पूजा तुम्हीच सांगता."

"तेव्हा या बायका आसपास नसतात."

"महादेवाला अडचण असती, तर त्यानं पाणी घेतलं नसतं."

"गाव तुमच्या हातचं पाणी पिणार नाही, वहिनी."

"न पिऊ दे. धक्का पितोय."

तिसऱ्या दिवशी माझी जाऊ विजया, भाऊजींचीच बायको, घागर घेऊन हजर. "मलाही करू दे एक पिंड," एवढंच म्हणाली. मग आणखी आल्या. आम्ही भरायचं, दीनाच्या बायकांनी वाहायचं, भरावभर पिंडी व्हायच्या आणि विरघळायच्या. मागून गडी धुम्मस घालायचे.

"आमच्या पाद्रीसायबानं इचारलं तर म्या काय सांगू?" दीना म्हणाली.

"धक्का भिजवत होते म्हणून सांग."

"आन तुमच्या देवानं इचारलं तर?"

"त्याला मी सांगते."

आधी माधवरावांची पहार वाळूत हातभर जायची. शेवटी ती ठण्णकन उडाली आणि त्यांचाच हात झिणझिणला. फरशी बसली.

श्रावणात नाव लागली. भाऊजी वर घाटावर उभे होते, खाली आले नाहीत. सरोजिनी नावेच्या काठाशी थबकली, पाय उचलेना. दीना पुढे झाली, धक्क्यावर उभी राहून तिनं हात पुढे केला. सरोजिनीनं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धर तिचा हात," मी म्हणाले.

तिनं धरला. दगड हलला नाही.

देवळाची पायरी मला अजून बंद आहे. मी विचारायलाही गेले नाही. माझी पिंड रोज सकाळी धक्क्याच्या कडेला होते, आणि वाळू दीना आणून ठेवते.