उधाणातला गड

“थांबा रं, आधी वयनीचा आवाज येऊ दे,” निकेश म्हणाला.

बर्फाची लादी मशीनच्या तोंडाशी धरून सदा तसाच उभा राहिला. नुकतंच त्याने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. घोडदळ पुढे, तिरंदाज मागे, आणि डोंगरसेनेच्या पूर्वेकडच्या गडावर थेट चढाई. जेट्टीवर क्रेट उलटे घालून बसलेल्या पोरांनी मान डोलवली होती, पण फोनवरचं बोट कुणी हलवलं नव्हतं. सगळे सदाच्या बायकोची वाट बघत होते.

भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसण्याचे दिवस होते. पाण्याला ओढ नाही, मग डोलीचं जाळं लावून उपयोग काय? बोटी बांधलेल्या आणि खलाशी मोकळे. असे दिवस पूर्वी पत्त्यांत जायचे, आता ‘गडकोट’मध्ये जातात. फोनवरचा खेळ. जुन्या काळातलं राज्य असतं. गड बांधायचे, धान्य साठवायचं, फौज उभी करायची, शेजाऱ्याशी तह करायचा आणि जमलं तर तोच तह मोडायचा. दिवेआगरच्या अलीकडच्या या लहानशा कोळीवाड्याच्या फौजेचं नाव दर्यासेना, आणि तिच्या गादीवर पहिल्यापासून सदा.

गादीवर म्हणजे काय, तर खेळात त्याच्या नावापुढे एक छोटा मुकुट दिसायचा. हसू नका. बोटीच्या कप्पीत डावा हात सापडला तेव्हापासून सदाचं दर्यात जाणं संपलं होतं. बोटीवरची पोरं त्याच्याकडून बर्फ न्यायची, पैसे द्यायची आणि निघून जायची. दर्यावरच्या गप्पांत त्याला कोण विचारतो? पण संध्याकाळी फोन उघडला की हीच पोरं विचारायची, “राजे, आज कुठं?” त्या एका हाकेवर सदाचा दिवस निघायचा.

निकेशचा फोन वाजला. म्हसळ्याच्या बाजारातून किशोरीचा आवाज आला, मागे गिऱ्हाइकांचा गलका.

“पूर्वेच्या गडावर जाऊ नका कुणी. म्हंजे जा, पण खोटं जा. ढोल वाजवा, थोडं घोडं पाठवा. लिलावात आपल्याला जी पाटी पायजे तिच्याकडं आपण बघतो का? शेजारच्या पाटीवर बोली लावायची, दुसरी बाई तिकडं धावली की आपली उचलायची. खरी फौज खाडीकडच्या गडावर घाला. चला, माझं गिऱ्हाईक आलंय.”

“ह्याला म्हंतात डोकं!” निकेश ओरडला, आणि सगळी बोटं एकदम हलली.

सदाने लादी मशीनमध्ये ढकलली. बर्फाचा चुरा होईपर्यंत त्या आवाजात कुणाला काही बोलता आलं नाही, आणि त्याला तेच हवं होतं.

दुपार टळायच्या आत खाडीकडचा गड पडला.

आता गंमत अशी की किशोरीला हा खेळ शिकवला सदानेच. मागच्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती, बाजार बंद होता. मुलगी क्रांती लग्न होऊन उरणला गेलेली. घरात दोघंच, आणि दोघांत बोलायला काही उरलेलं नाही. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली की नवरा-बायको मीठ आणि गॅस एवढ्यावरच बोलतात. एका दुपारी सदाने काच फुटलेला आपला जुना फोन तिला दिला आणि म्हणाला, “बघ, घोडं असं उचलायचं.” आणि घर बोलायला लागलं. जेवताना दोघं एकाच ताटात हात घालून डोंगरसेनेला शिव्या द्यायची. ‘त्यांच्या कोठारात धान्य किती असंल हो?’ असं ती घास हातात धरून विचारायची. सदाला वाटायचं, हे आधीच का सुचलं नाही?

पण गुरूची विद्या गुरूच्याच पुढे धावली. बाजारात आयुष्य घालवलेल्या बाईला तह कधी करावा आणि कधी मोडावा हे काय शिकवायचं? शेजारच्या राज्याला तिने न मागता धान्य पाठवलं आणि महिन्याभरात त्यांना दर्यासेनेच्या बाजूला उभं केलं. सदाने ते राज्य दोन वर्षं लढून जिंकलं नव्हतं. तेव्हा त्याने तिचं कौतुक केलं खरं, पण घास घशाखाली उतरायला पाणी लागलं. माणसाला दुसऱ्याची बायको हुशार निघालेली सहज चालते. आपली निघाली की पोटात दुखतं, आणि हे दुखणं डॉक्टरला दाखवता येत नाही.

गड पडल्यावर दुसऱ्याच दिवशी निकेश त्याच्याकडे आला. डोकं खाजवत उभा राहिला.

“दादा, राग मानू नको. पोरं म्हंतात, गादीवर वयनीला बसवूया. तू सेनापती हो. मान तुजाच हाय.”

“मला कसला राग?” सदा म्हणाला. “घरातल्या घरात तर हाय.”

नाकाला मिरच्या झोंबल्या तरी माणूस हसतो कसा, ते त्या वेळी सदाचं तोंड बघितलं असतं तर कळलं असतं.

किशोरीला मात्र आनंद लपवता आला नाही. मुकुट तिच्या नावापुढे आला तेव्हा तिने सुकटीच्या ओट्यावरच्या सत्यवतीला बोलावून दाखवला, शेजारच्या नीराबाईला दाखवला. लहानपणी शाळेतून काढून मासळीच्या पाट्या उचलायला लावलेली बाई. तिला आजवर कुणी कशासाठी निवडलं नव्हतं, सासूने सून म्हणूनही नाही. तिची थोरली बहीण आजारी पडली म्हणून हिला उभी केली होती. रात्रीच्या भाताला तिने त्या दिवशी पापलेट तळलं.

“मोठ्या गडाचा दरवाजा तुमच्याकडं ठेवते,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय.”

तिने ते मनापासून म्हटलं होतं. सदाला ते चौकीदारी दिल्यासारखं लागलं.

दर्यासेनेची एक दुखरी नस होती. उधाण आलं की पाण्याला ओढ येते, बोटी बाहेर पडतात, आणि बाहेर रेंज नाही. पुनवेला, अवसेला फौज राहते आणि फौजेचे मालक नाहीसे होतात. डोंगरसेनेला हे काही केल्या कळत नव्हतं. ती डोंगरातल्या तळा गावाकडची पोरं, शेतीवाडीची. त्यांना भरती-ओहोटी सहलीला आल्यावर दिसणार. त्यांचा सरदार चांगदेव अधूनमधून सदाला मेसेज टाकायचा. शत्रू असला तरी पोरगा अदबशीर.

“काका, तुमची माणसं मधीच कुठं गायब होतात हो?”

सदा दर वेळी त्याला उडवून लावायचा. किशोरीने तर या नसेवर औषधही शोधलं होतं. पुरुषांनी फोन घरी ठेवायचे आणि सुकटीच्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांनी ते सांभाळायचे. बोंबील वाळत घालता घालता सत्यवती तिरंदाज चालवायला शिकली होती. सगळीकडे बायका उभ्या राहणार होत्या, आणि मोठ्या दरवाजावर किनाऱ्यावर उरलेला एकटा पुरुष.

चांगदेवचा मेसेज पुन्हा आला, तेव्हा सदा मशीन पुसत होता. शेजारी दोन खलाशी बोलत होते, ‘सदादादाचं राज्य व्हतं तवा नुसतं कापून घ्यायचो आपण.’ आणि हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सदाने उजव्या हाताने फोन उचलला आणि लिहिलं, “पुनवेच्या दुपारी ये. मोठ्या दरवाजावर.”

हा खेळ आहे, त्याने स्वतःला सांगितलं. एक गड पडेल, पोरं चार शिव्या घालतील, आणि मुकुट जिथला तिथे येईल. कुणाचं काय जाणार आहे?

पुनवेला ऊन रणरणत होतं. जेट्टी रिकामी. डोंगरसेना आली ती सगळ्या बाजूंनी. पण सुकटीच्या ओट्यावरून बायकांनी असा मार दिला की तीन बाजूंची फौज मागे हटली. मग चांगदेव मोठ्या दरवाजाशी आला. सदाच्या हातात फोन होता. दरवाजा लावायला एक बोट पुरेसं होतं.

किशोरीचा फोन आला. त्याने उचलला नाही. पुन्हा आला. मग खेळातूनच तिचा आवाज आला, धापा टाकत, “अवो, दरवाजा! दरवाजा लावा, आलेत ते! लावा की!”

सदाने फोन बर्फाच्या चुऱ्यावर उपडा ठेवला आणि दर्याकडे बघत बसला. गड पडायला फार वेळ लागला नाही.

बोटी परत आल्या तेव्हा पोरं खवळलेली होती. कुणीतरी घरचा भेदी आहे, नाहीतर तळ्याच्या पोरांना उधाण कुठून ठाऊक? संशय धर्मावर गेला. धर्माचा टेम्पो मासळी घेऊन तळ्याला जातो, एवढाच त्याचा गुन्हा. निकेशने त्याची गचांडी धरली. धर्मा रडकुंडीला येऊन आईची शपथ घ्यायला लागला. सदा खाली बघून बर्फाचा चुरा भरत राहिला.

“सोड त्याला,” मागून किशोरी म्हणाली. ती पाटी डोक्यावर घेऊनच आली होती. “माझी चूक झाली. दरवाजा लावायचा हुकूमच मी उशिरा दिला. आन् उधाणाचं म्हणशील तर बाजारात मीच बोलले असंन कुणापाशी. गादी सांभाळायचं काम न्हाय माझं. ती ह्यांना द्या.”

कुणी फारसा वाद घातला नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, “बाईमाणूस शेवटी.” मुकुट सदाच्या नावापुढे परत आला.

घरी जाताना तो तिच्या मागून चालत होता. वाडीची पायवाट आली तेव्हा न राहवून म्हणाला, “रेंज गेल्ती गं.”

“व्हय,” ती म्हणाली. थोडं पुढे जाऊन थांबली, वळली मात्र नाही. “नावापुढं हिरवा ठिपका दिसतो, माणूस खेळात असला की. तुमचा दिसत व्हता. सगळा वेळ.”

सदाने खिशातला फोन चाचपला.

“गादी मागितली असतीत तर दिली असती मी,” ती म्हणाली. “आजवर समदं उठूनच देत आले. ही एक गोष्ट बसून घेतली व्हती.”

तिने पाटी सावरली आणि चालायला लागली. ओट्यावरून नीराबाईने हाक मारली, तेव्हा तिने नेहमीसारखं उत्तरही दिलं, बोंबलाचा भाव सांगितला.

संध्याकाळी पोरांचे मेसेज आले. ‘राजे, आता काय करायचं? राजे, तह करू का?’ सदाने ते दोनदा वाचले. मग फोन तिच्यासमोर धरून म्हणाला, “किशोरी, हा चांगदेव तह मागतोय. करू का? तू सांग.”

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सदाने हात जोडले असते.

तिने त्याचं ताट वाढलं. मधली मोठी तुकडी त्याला, रस्सा वरून, लिंबाची फोड बाजूला. मग भांड्यांच्या फळीवरून कितीतरी महिन्यांनी दुसरं ताट काढलं, पुसलं, त्यात आपला भात घेतला आणि ती मागच्या दारात जाऊन जेवायला बसली.